प्रार्थना आणि हिशेबाची वही

मे महिन्याच्या सुटीत नगर, सोलापूर, पुणे भागातल्या मंडळ्यांची तरुण शिबिरे भरतात. गाणी होतात, पवित्र शास्त्रावर प्रश्नमंजूषा होते आणि एखाद्या संध्याकाळी पाळकांपुढे एक प्रश्न हमखास येतो : देवाने माझ्या आयुष्यासाठी काय योजले आहे, ते मी ओळखायचे कसे? विचारणारा बारावीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला असतो, नाहीतर पदवी घेऊन दोन वर्षे घरी असतो. त्याच्या प्रश्नात कळकळ असते. उत्तरातही असते, पण ते बहुतेक वेळा ठरलेले असते : प्रार्थना कर, वचन वाच, धीर धर, प्रभू दार उघडेल.

हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. त्यातून मुलांच्या मनात अशी समजूत घर करते की प्रत्येकाच्या नावाचे एक बंद पाकीट वर कुठेतरी ठेवलेले आहे आणि ते हाती पडेपर्यंत वाट पाहणे एवढेच आपले काम. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुस्तकांनीही या समजुतीला हातभार लावला. रिक वॉरन या अमेरिकन पाळकाचे उद्देशपूर्ण जीवनावरचे, चाळीस दिवसांत वाचायचे पुस्तक २००२ साली निघाले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. वॉरन यांचा स्वतःचा भर देवावर आणि मंडळीवर आहे. पण अनेक वाचकांनी त्यातून ‘माझा उद्देश’ तेवढा उचलला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास वेगळेच सांगतो. ज्यांची आयुष्ये आज व्यासपीठावरून उदाहरण म्हणून सांगितली जातात, त्यांतल्या फार थोड्यांना आपला उद्देश आधी ठाऊक होता. समोर माणूस उभा राहिला, त्याची गरज दिसली, ती भागवायला काय काय शिकावे लागेल हे कळले आणि ते शिकता शिकता आयुष्याला दिशा आली. प्रार्थना होतीच. तिच्या शेजारी हिशेबाची वहीही होती, विहिरीचे मोजमाप होते, व्याकरणाचे पुस्तक होते. ख्रिस्ती शहाणपण या दोन्हींच्या सोबतीत असते आणि त्यातले एक जरी सुटले तरी दुसरे लंगडे पडते, असे ठामपणे म्हणायला हवे.

येशूच्या दाखल्यांतली शहाणी माणसे एकदा ओळीने समोर आणावीत. एकजण घर बांधताना खोल खणत खडकापर्यंत जातो. पाच कुमारी दिव्यांबरोबर तेलाची वेगळी भांडी घेऊन निघतात. बुरूज बांधायचे मनात असलेल्याने आधी खाली बसून खर्च झेपेल का ते पाहावे, असे लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो. नोकरी जाणार हे कळताच पुढची सोय लावणाऱ्या लबाड कारभाऱ्याच्यासुद्धा दूरदृष्टीचे कौतुक होते, त्याच्या लबाडीचे नव्हे. यांतल्या कुणालाही दृष्टान्त झालेला नाही, आकाशवाणी ऐकू आलेली नाही. त्यांनी उद्याचा विचार आज केला.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शब्बाथ शाळेत दयेची गोष्ट म्हणून शिकवतात. ती दयेची आहेच. पण लूकने तिच्यात किती तपशील भरले आहेत, इकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. हा वाटसरू जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याच्याजवळ राहतो. दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवतो, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असेही सांगून ठेवतो. औषध, वाहन, निवारा, आगाऊ रक्कम, उरलेल्या रकमेची हमी. कळवळा तर रस्त्याने पुढे निघून गेलेल्या याजकालाही वाटला असेल; शोमरोन्याने त्या कळवळ्याची व्यवस्था लावली. आणखी एक गोष्ट : तो त्या रस्त्याने जखमी शोधत हिंडत नव्हता. त्याचा स्वतःचा प्रवास चालू होता आणि व्यवस्था लावून झाल्यावर तो पुढे आपल्या कामाला गेला.

हे सगळे मराठी मातीत पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे यावे लागते. त्यांच्याविषयी लिहिताना आपण त्यांचे आयुष्य सरळ रेषेत मांडतो : विदुषी, विधवांची कैवारी, मुक्ती मिशनची संस्थापक. त्या जगल्या तेव्हा ती रेष कुठेच नव्हती. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचा ‘गुन्हा’ केला आणि कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी फिरले. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेल्या भावासोबत चालत चालत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केले आणि दोन वर्षे पुरी होण्याआधी पटकीने तोही गेला. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी, वय चोवीसच्या आत.

१८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले. मग स्वतःच डॉक्टर व्हावे म्हणून इंग्लंडला गेल्या. तिथे कळले की कानांनी कमी ऐकू येते, त्यामुळे वैद्यकीचे शिक्षण घेता येणार नाही.

इथे क्षणभर थांबावे. ज्याला आपण आज ‘पाचारण’ म्हणतो, ते रमाबाईंच्या बाबतीत एका शारीरिक व्यंगापाशी येऊन अडले. इंग्लंडमध्येच वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवले आणि ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच श्रद्धेच्या आणि अधिकाराच्या प्रश्नांवर पत्रांतून वाद घातले. समजल्याशिवाय मान डोलावणे त्यांना जमले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत तो वाद गेला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. मग दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणे केली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून पैसा उभा केला. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ निघाले आणि त्याने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. डॉक्टर व्हायला निघालेली बाई शाळा चालवू लागली होती.

पुढचा तपशील चरित्रांत एखाद्या ओळीत उरकला जातो. मदत दहा वर्षांचीच आहे, म्हणजे १८९८ नंतर काय, हा हिशेब रमाबाईंनी वेळेत मांडला. सदन पुण्याला आले होते. दौंडच्या अलीकडे केडगावला त्यांनी जमीन घेतली आणि फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर पुढे शाळा चालावी, हा हेतू. झाडे मोठी व्हायला वर्षे लागतात, म्हणून ती गरज पडायच्या आधी लावली. तेलाची वेगळी भांडी घेऊन निघालेल्या कुमारींची गोष्ट रमाबाईंनी मुलींना नक्कीच सांगितली असेल. स्वतः तर त्या ती गोष्ट जगत होत्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी अशाच दुष्काळात आपली माणसे गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि अनाथ, विधवा, टाकून दिलेल्या शेकडो मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे नियम लागू होते. इतक्या मुलींना शहरात ठेवायची परवानगी मिळेना. तेव्हा सगळ्या केडगावच्या शेतावर गेल्या; मुक्ती मिशन ते हेच. कोरड्या माळावर राहुट्या, झोपड्या, मग दगडी इमारती. शेकडो तोंडांना पाणी हवे, म्हणून विहिरी. अंगावर कपडे हवेत, म्हणून माग. तेल हवे, म्हणून घाणा. मुलींना पुढे स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून गुरे राखणे, कपडे धुणे, शिवण, शेती, छपाई. अंध मुलींसाठी ब्रेल आली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशा कामाला आली, ज्याची ती घेताना कल्पनाही नव्हती. उद्देशाचे असेच असते : तयारी एका कामासाठी करावी, ती दुसऱ्याच्या उपयोगी पडावी. पण तयारीच नसती तर मध्य प्रांतातून आणलेल्या त्या मुली कुठे उतरल्या असत्या?

रमाबाईंचे शहाणपण निर्दोष नव्हते आणि त्यांच्या भक्तांनी ते मान्य करायला हरकत नसावी. शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, मुलींच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे आश्वासन होते. त्याच वेळी रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करीत आणि सदनातल्या ज्या मुली येऊन बसत त्यांना त्या हाकलत नसत. १८९३ मध्ये भडका उडाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली; न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंना स्वतःच्या घरात प्रार्थनेचा हक्क होता, यात शंका नाही. पण आईसारखी माया करणाऱ्या बाईची उघड्या दारातली प्रार्थना बारा-चौदा वर्षांच्या निराधार मुलीच्या मनावर काय परिणाम करते, हे त्यांच्यासारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या स्त्रीला कळत नव्हते असे म्हणता येत नाही. आश्वासन आणि उघडे दार, दोन्ही एकदम टिकणे अवघड होते. केडगावला त्यांनी संस्था ख्रिस्ती आहे हे उघड सांगून काम केले. ते जास्त प्रामाणिक होते. ख्रिस्ती सेवेवर आमिषाचा आरोप आजही होतो आणि त्याला चिडून उत्तर देऊन भागत नाही. आपण कोण आहोत, कुणाकडून पैसे घेतो, मदतीला अट कोणती आहे किंवा नाही, हे चारचौघांत सांगता येणे, हे त्याचे उत्तर आहे.

त्याच शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. ती हिंदूच राहिली आणि पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांचे हिंगण्याचे स्त्री-शिक्षणाचे काम सर्वांना ठाऊक आहे. रमाबाईंच्या शाळेतून निघालेला हा प्रवाह कुठल्याही चर्चच्या नोंदवहीत सापडणार नाही. ख्रिस्ती आयुष्याचे फलित मोजताना आपण नोंदवहीबाहेर पाहायला शिकले पाहिजे.

शेवटची पंधरा-वीस वर्षे रमाबाईंनी आणखी एका कामाला दिली. मुक्तीतल्या मुली बहुतेक खेड्यांतल्या. त्यांना तेव्हाचे मराठी बायबल संस्कृतप्रचुर आणि जड जाई. त्यांच्यासाठी सोप्या मराठीत बायबल करायचे, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई या भाषा शिकल्या. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या मुली मुक्तीतल्याच. १९२१ साली मनोरमा वारली. जी मुलगी पुढे संस्था सांभाळणार होती तीच गेली. रमाबाई काम करीत राहिल्या आणि अनुवाद पुरा करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. या भाषांतराचे साहित्यिक मोल काय यावर मतभेद आहेत. पण शिकून उपयोग काय, असे वय झाल्यावर म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे चरित्र दाखवावे.

लक्ष्मीबाई टिळकांचे शहाणपण वेगळ्या जातीचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे आणि घरात आलेला पैसा टिकू न देणारे. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नीला विश्वासात घेतले नाही. लक्ष्मीबाईंनी ते दुःख सोसले, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परतल्यावरही लगेच धर्म बदलला नाही. जातिभेद माणसाने केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडवला आणि मगच शिवाशिव सोडली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे नवऱ्याच्या पाच वर्षांनंतरचा. नगरच्या घरात अनाथ आणि शिकणारी पोरे येऊन राहत. त्यांना बोलावणारे टिळक असत आणि त्यांच्या ताटात काय वाढायचे हे पाहणाऱ्या लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ आपण मराठी गद्याचा ठेवा म्हणून वाचतो. ती ख्रिस्ती व्यवहारज्ञानाचाही ग्रंथ आहे. दैवी प्रेरणेने पेटलेल्या माणसाच्या शेजारी घर चालवणारे माणूस लागते आणि त्या माणसाची श्रद्धा कमी प्रतीची नसते, हे त्या पुस्तकाच्या पानापानांत दिसते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. दोन वर्षे आधी त्यांनी मिशनची नोकरी सोडली होती आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना. ती त्यांच्यामागे फार टिकली नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले. जेमतेम लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचून ते तडीस नेले. दुसऱ्याने सुरू केलेले काम पुरे करणे, यालाही पाचारण म्हणायला हवे. शिबिरांतून याविषयी कुणी बोलत नाही, कारण त्यात ‘माझा’ असे फारसे काही नसते.

आता थोडे अलीकडे येऊ. राहुरीचे रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी मेबल, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर. १९६० साली लग्न करताना दोघांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचे ठरवले. उद्देश आधी ठरलेला होता, असे इथे कुणी म्हणेल. तेही तपासून पाहू. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षे काम केले. दवाखाना भरलेला असे, बरे झालेले रुग्ण आशीर्वाद देत घरी जात. आणि काही आठवड्यांनी त्याच आजाराने परत येत. गढूळ पाणी, अर्धपोटी मुले, अस्वच्छ बाळंतपण, त्यातून येणारे आजार औषधाने तात्पुरते हटत. दुसऱ्या कुणी दवाखाना वाढवला असता, खाटा वाढवल्या असत्या आणि त्यालाच देवाचा आशीर्वाद मानले असते. आरोळे दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. सेवेची इच्छा पुरेशी नाही, सेवेचे शास्त्र शिकावे लागते, हे त्यांनी मान्य केले. उद्देश तोच राहिला, पण त्याचा अर्थ पार बदलला.

१९७० मध्ये ते जामखेडला आले, जनावरांच्या एका पडक्या दवाखान्यात काम सुरू केले आणि आधी लोकांना विचारले. लोकांनी आरोग्य मागितलेच नाही. पाणी मागितले, अन्न मागितले. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. मग डॉक्टरांनी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे आणि कूपनलिका यांत लक्ष घातले. त्यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बोअर कुठे घ्यायचे, हा गावात नेहमी सवर्णांच्या हातचा निर्णय असे आणि दलित वस्तीला पाण्यासाठी दुसऱ्यांच्या दयेवर राहावे लागे. जामखेडच्या प्रकल्पात हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाणी हवे तर सगळ्या गावाला तिथे जावे लागणार होते. सुरुवातीला कुरकुर झाली, पण दुष्काळात तहान जातीपेक्षा मोठी ठरली. समतेवर एकही प्रवचन न देता पंपाची जागा ठरवून हे साधले. ‘सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी’ ही मत्तयच्या शुभवर्तमानातली जोडी इतक्या नेमकेपणाने आचरणात आलेली क्वचित पाहायला मिळते.

पुढचा पेच माणसांचा. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार नसत आणि गावकरीही त्यांना आपले मानत नसत. म्हणून गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एका ठिकाणी झोपत आणि शिकत : बाळाचे वजन कसे करायचे, जुलाब झाल्यावर साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात हात का धुवायचे. परत गेल्या की गावाला शिकवत. बालमृत्यू झपाट्याने घटले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकायला येऊ लागले. उपचाराला किंवा प्रशिक्षणाला धर्माची अट कधीच नव्हती. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. आपल्या कामामागे ख्रिस्तावरची श्रद्धा आहे, हे दोघांनी कधी लपवले नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. विहिरी, बोअर, हिशेब, आरोग्य हे सगळे चांगले. पण मग ख्रिस्ती जीवन आणि समाजकार्य यांत फरक काय? हेच काम देव न मानणारा करतो आणि कधी कधी जास्त चांगले करतो. मंडळीतले अनेक भाविक हा प्रश्न तळमळीने विचारतात आणि त्यांना उडवून लावणे बरोबर नाही. उपासना, प्रभुभोजन, पश्चात्ताप, क्षमा यांना सामाजिक उपयोगाच्या तराजूत तोलता येत नाही. १९०५ साली मुक्तीत जी आत्मिक जागृती झाली, तिच्यात मुली तास न् तास रडत, प्रार्थना करत होत्या. त्याच मुली मागावर आणि छापखान्यातही काम करत होत्या. रमाबाईंना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही.

फरक शोधायचाच तर तो कामाच्या प्रकारात सापडत नाही, काम अडल्यावर सापडतो. कान ऐकेनात म्हणून वैद्यकी सुटली, रमाबाई थांबल्या नाहीत. मुलगी गेली, अनुवाद थांबला नाही. देवाच्या हातात फळ आहे असे मानणारा माणूस अपयशाने मोडत नाही आणि यशाने चढत नाही, निदान तसा प्रयत्न तरी करतो. प्रार्थनेने विहिरीला पाणी लागत नाही; पण तिसरी विहीर कोरडी निघाल्यावर चौथी खणायचे बळ प्रार्थनेतून येऊ शकते. याकोबाच्या पत्रात कृतीविण विश्वासाला मृत म्हटले आहे. त्याच पत्राच्या सुरुवातीला, ज्याला शहाणपण कमी पडते त्याने ते देवाकडे मागावे, असेही सांगितले आहे. मागायचे देवाकडे, वापरायचे माणसांसाठी.

आजच्या मराठी ख्रिस्ती घरांत हे शहाणपण कुठे लागते? बहुतेक घरे दलित समाजातून ख्रिस्ती झालेल्यांची आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातींच्या सवलती नाहीत. शिखांना त्या १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या, ख्रिस्ती बाहेरच राहिले. मिशनच्या शाळा-दवाखान्यांतल्या ज्या नोकऱ्यांवर दोन पिढ्या उभ्या राहिल्या, त्या आटत गेल्या. अशा घरातल्या मुलाला ‘देवावर भरवसा ठेव’ एवढे सांगून पाठवणे म्हणजे त्याला अर्धेच उत्तर देणे. शिष्यवृत्तीचे अर्ज कधी निघतात, कोणत्या अभ्यासक्रमाला खरोखर नोकरी आहे, सावकाराचे कर्ज कसे फेडायचे, लग्नात किती खर्च करायचा, घरातले दारूचे व्यसन कुणाला सांगायचे, हे मंडळीत बोलले गेले पाहिजे. रविवारच्या संदेशात त्याला जागा नसेल तर महिला मंडळात, तरुण संघात असावी. आणि ज्या मंडळ्या जमिनीच्या, मालमत्तेच्या भांडणांत वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यांनी शिबिरात मुलांना उद्देशपूर्ण जीवन शिकवणे अवघड आहे. मुले पाहत असतात.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या शहाणपणाची दुसरी बाजू दाखवली. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते. बागायती जमिनी बांधकामांच्या घशात जाऊ लागल्या आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा ते हरित वसई संरक्षण समितीच्या आघाडीवर उभे राहिले. हे धर्मगुरूचे काम आहे का, असे विचारणारे तेव्हाही होते. केळी-पानमळ्यांवर जगणाऱ्या माणसांचे पाणी पळवले जात असताना मिस्सा वाहून घरी जाणे त्यांना पटले नाही. सोबत लेखन चालूच होते. ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या निवडीला काहींनी ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतला. त्याला आधीच उत्तर देऊन ठेवले होते त्यांच्या मराठीने आणि वसईच्या आंदोलनाने. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

तरुणांना एकच विनंती करावीशी वाटते. तुमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात कुणाला काय कमी आहे, ते आधी नीट पाहा. मग त्यातले एक काम निवडा, त्याचे शिक्षण घ्या आणि प्रार्थना करत ते करा. आणि मंडळ्यांच्या कारभाऱ्यांना विनंती अशी, की पुढच्या वार्षिक सभेत जमाखर्च छापून प्रत्येक कुटुंबाच्या हातात द्या, मंडळीतल्या शिकणाऱ्या मुलांची आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी त्याच दिवशी सर्वांसमोर वाचा आणि कोण कुणाकडे जाणार ते सभा संपायच्या आत ठरवा.